घटक ६ : टाकलेले जाळे, सुटलेले जाळे – सागरी प्लास्टिक आणि तरुण उद्योजकतेची भाषा

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस सागरी प्लास्टिकच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या काही उद्योगांची वाटचाल सांगता येईल. त्यांच्याविषयीच्या लेखनातील क्रियापदे आणि धातुसाधित विशेषणे कोणाला कर्ता ठरवतात व कोणाला झाकून ठेवतात, हे उदाहरणांनी दाखवता येईल. आणि किनारपट्टीवरील वाचकासाठी अशा उपक्रमाचे माहितीपत्रक स्वतः लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा आरंभ प्रस्तुत लेखकाच्या एका चुकीपासून करणे सोयीचे ठरेल. काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीचे शिक्षण नुकतेच संपवलेले दोन तरुण माझ्याकडे आले. किनाऱ्यावरील गावांतून नायलॉनची जाळी विकत घ्यायची, त्यांचे दाणे करायचे आणि ते कारखान्यांना पुरवायचे, असा त्यांचा बेत होता. त्यांचे इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करून हवे होते. समुद्रात राहून गेलेल्या जाळ्यांसाठी आंतरराष्ट्रीय लेखनात एक ठरीव त्रयी वापरली जाते : सोडून दिलेली, हरवलेली आणि टाकून दिलेली. मी ती आटोपशीर केली आणि लिहिले, ‘मच्छीमारांनी टाकलेली जाळी आम्ही योग्य दराने विकत घेऊ.’

हे पत्रक बंदरावरील बैठकीत वाचून दाखवले गेले आणि हशा पिकला. एक वयस्क तांडेल म्हणाले, “टाकलेली जाळी तर आम्ही ओढून आणतो, मास्तर. ती तुम्हांला कशाला विकू?” कोळ्याच्या मराठीत ‘जाळे टाकणे’ म्हणजे मासे धरण्यासाठी ते पाण्यात पसरणे. मी लिहिलेल्या वाक्याचा सरळ अर्थ असा होत होता की, त्यांनी मासेमारीसाठी लावलेली जाळी आम्ही उचलून नेणार आहोत. ‘सोडलेली’ असे लिहिले असते तरी फारसा फरक पडला नसता. जाळे पाण्यात सोडतातच.

हसणे ओसरल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी जवळ आली. तिचे घर त्याच बंदरावर. ती म्हणाली, “सर, त्यांना हसू आलं ते बरं झालं. ‘टाकलेली’चा अर्थ ‘फेकलेली’ असा कळला असता, तर जास्त लागलं असतं. जाळं कोणी फेकत नाही हो. ते सुटतं.”

प्रस्तुत घटकाचा विषय या शेवटच्या वाक्यात आहे. सागरी प्लास्टिकवर काम करणारे तरुण उद्योजक यंत्रे उभारतात, भांडवल जमवतात. पण त्यांच्या उद्योगाचा कच्चा माल कोणाचा, तो समुद्रात गेला की कोणी घातला, आणि तो उचलण्याचे श्रम कोणाचे, हे सारे आधी शब्दांत ठरते. ते शब्द पुष्कळदा मराठीचा पदवीधरच लिहून देतो. उद्या असे पत्रक आपल्याही हाती येईल.

६.३ समुद्रात काय आहे?

प्रथम काही आकडे लक्षात घेऊ. जेना जॅमबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार, २०१० या एका वर्षात १९२ देशांच्या किनारी पट्ट्यातून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले. हा आकडा मोजणीचा नव्हे, गणिती अंदाजाचा आहे; दोन टोकांतील अंतर पाहिले तरी ते ध्यानात येईल. वृत्तपत्रांतून मात्र बहुधा वरचेच टोक छापले जाते.

दुसरा आकडा आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. हवाई बेटे आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान प्रवाहांच्या चक्रात प्लास्टिक जमलेला एक विशाल सागरी प्रदेश आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने तेथे किमान ७९ हजार टन प्लास्टिक तरंगत असल्याचा अंदाज वर्तवला. त्यातील वजनाने सुमारे ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा होता. चित्रांत आपल्याला नेहमी बाटल्या आणि पिशव्या दिसतात. तराजूत मात्र जाळी जड भरतात.

अशी सुटलेली जाळी माशांना, कासवांना अडकवीतच राहतात. मालक नसताना शिकार चालू राहते, म्हणून इंग्रजीत त्यांना भुताची उपमा मिळाली. मराठी बातम्यांतून ‘घोस्ट नेट’ हा शब्द जसाच्या तसा येतो. काही जण ‘भूतजाळी’ असेही लिहितात. शब्द परिणामकारक आहे यात शंका नाही. पण भुताला मालक नसतो, आणि जाळ्याला तो असतो. हजारो रुपयांचे जाळे खडकात अडकून वा मोठ्या जहाजाच्या पंख्यात सापडून गेले, की एका घराचे नुकसान झालेले असते. ‘भूतजाळी’ या शब्दात मासा दिसतो, ते घर दिसत नाही.

६.४ भर समुद्रातील साहस

तरुण उद्योजकतेचा विषय निघाला की बोयान स्लाट या डच तरुणाचे नाव प्रथम येते. सोळाव्या वर्षी ग्रीसमध्ये पाण्याखाली पोहताना त्याला माशांपेक्षा प्लास्टिकच अधिक दिसले. २०१२ मध्ये डेल्फ्ट येथील व्याख्यानात त्याने महासागर स्वच्छ करण्याची कल्पना मांडली आणि २०१३ मध्ये, अठराव्या वर्षी, ‘द ओशन क्लीनअप’ ही संस्था स्थापन केली. ही संस्था नफ्यासाठी नाही. तेव्हा स्लाटला उद्योजक म्हणायचे ते व्यापक अर्थाने.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुमारे ६०० मीटर लांबीचा तरंगता अडसर सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. वारा आणि लाटा त्याला प्लास्टिकपेक्षा अधिक वेगाने ढकलतील आणि प्लास्टिक त्याच्या कवेत येईल, असे गृहीत होते. प्रत्यक्षात अडसर पुरेसा वेग घेईना. आत आलेले प्लास्टिक पुन्हा बाहेर जाऊ लागले. वर्षअखेरीस त्याचा १८ मीटरांचा तुकडा तुटून वेगळा झाला आणि सारी यंत्रणा परत आणावी लागली. पुढच्या वर्षी तोडगा निघाला तो उलटा : पाण्यात छत्रीसारखा नांगर सोडून अडसराची गती कमी केली गेली, म्हणजे प्लास्टिकच वेगाने येऊन त्यात अडकू लागले. नंतरच्या आवृत्तीत दोन जहाजे अडसर ओढू लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये संस्थेने नद्यांच्या मुखाशी कचरा अडवणारी नौकाही पुढे आणली. भर समुद्रापासून नदीपर्यंत ती मागे सरकली, असे म्हणता येईल.

या प्रवासाविषयीचे लेखन वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यात प्लास्टिक नेहमी कर्त्यावाचून येते. ते ‘असते’, ‘तरंगते’, ‘जमते’. कर्ता एकच – ते काढणारा तरुण. वीरकथेला हा साचा सोयीचा असतो. किनाऱ्यावर काम करायचे झाले की मात्र तो टिकत नाही, कारण तेथे प्रत्येक वस्तूला कोणीतरी धनी असतो.

६.५ चिलीतील जाळी

त्या दृष्टीने ‘बुरेओ’ या उद्योगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. बेन नेपर्स, डेव्हिड स्टोव्हर आणि केविन अहर्न या तीन अमेरिकी तरुणांनी २०१३ च्या सुमारास चिलीच्या किनाऱ्यावर तो सुरू केला. चिली सरकारच्या नवउद्योग योजनेचे साहाय्य त्यांना मिळाले. ‘बुरेओ’ हा शब्द तेथील मापुचे या मूळनिवासी लोकांच्या भाषेतला. त्याचा अर्थ ‘लाटा’ असा ते सांगतात. परदेशी तरुणांनी उद्योगाला स्थानिक भाषेतले नाव घ्यावे, यात सौजन्य किती आणि जाहिरात किती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने मनात ठेवावा; उत्तर घाईने देऊ नये.

त्यांचा पहिला माल म्हणजे माशाच्या आकाराचा छोटा स्केटबोर्ड. पुढे चष्म्यांच्या चौकटी, लाकडी ठोकळ्यांच्या एका प्रसिद्ध खेळाची प्लास्टिकमधील आवृत्ती, कार्यालयातील खुर्च्यांचे भाग आणि पॅटागोनिया कंपनीच्या टोप्यांच्या कडा अशी त्यांच्या मालाची व्याप्ती वाढली. काम चिलीपुरते न राहता पेरू आणि अर्जेंटिनातही गेले.

येथे आपण थोडे थांबून जाळ्यांचे द्रव्य समजून घेऊ, कारण सारी मेख त्यातच आहे. जाळे म्हणजे एकच प्लास्टिक नव्हे. पाण्यात न दिसणारी बारीक जाळी बहुधा नायलॉनची असतात, ओढून नेण्याची जाड जाळी पॉलिएथिलीनची, दोर पॉलिप्रॉपिलीनचे. तिन्ही वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. एकत्र वितळवली तर हाती काहीच धड येत नाही. म्हणून जाळी धुवावी लागतात, शिसे आणि बोये काढावे लागतात, तंतू ओळखून ढीग लावावे लागतात. मग ती कापून, वितळवून त्यांचे दाणे करता येतात. जे जाळे महिनोन्महिने समुद्रात राहिले आहे, त्यात वाळू आणि शिंपले अडकलेले असतात, उन्हाने तंतू ठिसूळ झालेले असतात. असे जाळे कारखान्याच्या दृष्टीने वाईट कच्चा माल. चांगला कच्चा माल म्हणजे जे झिजले आहे पण अजून धक्क्यावरच पडून आहे, असे जाळे.

म्हणूनच ‘बुरेओ’चा उद्योग मुख्यतः वापर संपलेली जाळी मच्छीमारांकडून थेट घेण्यावर उभा आहे. ती समुद्रात जाण्यापूर्वी घेतली जातात आणि त्या बदल्यात गावाला मोबदला मिळतो. उद्योजक स्वतः हे स्पष्ट सांगतात. परंतु त्यांच्या मालाविषयी इतरांनी लिहिलेले वाचावे, तर ‘समुद्रातून काढलेल्या जाळ्यांपासून बनवलेली वस्तू’ असे वर्णन वारंवार भेटते. ‘समुद्रात जाऊ न दिलेली जाळी’ आणि ‘समुद्रातून काढलेली जाळी’ यांत फरक आहे तो एका धातुसाधिताचा. ग्राहकाला मात्र दुसरेच अधिक भावते, कारण त्यात पाणबुड्या आहे, लाटा आहेत. धक्क्यावर बसून शिसे उपटणारी माणसे त्यात येत नाहीत.

माझ्या मते पहिले काम दुसऱ्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. ते कमी नाट्यमय आहे, एवढेच.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
‘सुटणे–सोडणे’, ‘तुटणे–तोडणे’, ‘फुटणे–फोडणे’ या अकर्मक–सकर्मक जोड्या पाहा. ‘जाळे तुटले’ आणि ‘जाळे तोडले’ या वाक्यांत जबाबदारी कशी बदलते, ते चार-पाच ओळींत लिहा.

६.६ ‘सागरगामी’ म्हणजे काय?

पुनर्वापराच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक नवी संज्ञा रूढ झाली आहे. समुद्रात अजून न गेलेल्या, पण जाण्याची शक्यता असलेल्या प्लास्टिकला ती लावतात. मराठीत तिला ‘सागरगामी प्लास्टिक’ म्हणता येईल. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत, योग्य व्यवस्थेविना पडलेले प्लास्टिक अशी तिची प्रचलित व्याख्या आहे. वर उल्लेखिलेल्या २०१५ च्या अंदाजातही हाच ५० किलोमीटरचा पट्टा धरला होता. संशोधनात सोयीसाठी आखलेली रेषा बाजारात वस्तूचा गुणधर्म होऊन बसते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

ही रेषा आपल्या भूगोलावर ठेवून पाहा. वाशिष्ठीकाठचे चिपळूण समुद्रापासून सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आत आहे. तेथील नाल्यात पडलेली बाटली सागरगामी. सावित्रीचा उगम महाबळेश्वरी. ते ठिकाण रेषेबाहेर. म्हणजे महाबळेश्वरच्या पश्चिम उतारावर पडलेली बाटली पावसाळ्यात सावित्रीतून बाणकोटच्या खाडीकडे निघाली, तरी व्याख्येने ती सागरगामी नव्हे. महाडपर्यंत उतरली की होते! पूर्व उतारावरची बाटली कृष्णेच्या स्वाधीन. तिचा समुद्र शेकडो कोस दूर, बंगालच्या उपसागरात.

तथापि ही संज्ञा निरुपयोगी नाही. नदी-नाल्यातच कचरा अडवणाऱ्या तरुणांना ती एक ओळख देते. पण ‘गामी’ या पदात जाण्याची क्रिया प्लास्टिककडे दिली आहे, जणू ते स्वतःहून वारीला निघाले आहे. त्याला वाटेला लावणारा वाक्यात नाही.

येथे आपल्या विवेचनाला एक वळण मिळते. ‘जाळे सुटले’ या वाक्यात कर्ता नाही, आणि ते वाक्य खरे आहे. वादळात, खडकात, काळोखात जाळे खरोखर सुटते. ‘खाडीत कचरा साचला’ याही वाक्यात कर्ता नाही. पण ते अर्धसत्य आहे. तो कचरा वरच्या शहरांच्या नाल्यांतून सोडला गेला आहे. व्याकरण एकच, न्याय वेगळा. मौज अशी की, आपल्या अहवालांतून नेमके उलट आढळते. शहराचा कचरा ‘साचतो’, ‘वाहून येतो’. जाळी मात्र मच्छीमार ‘टाकतात’. ज्याच्याजवळ अहवाल लिहिणारा नसतो, त्याच्या वाट्याला सकर्मक क्रियापद येते.

६.७ कचरा, भंगार आणि वाटा

आपल्या किनाऱ्यावर उद्योग उभारू पाहणाऱ्या तरुणाला तीन शब्द नीट ऐकता आले पाहिजेत. ‘कचरा’ म्हणजे ज्याला किंमत नाही ते. ‘भंगार’ म्हणजे मोडले आहे, पण वजनावर विकले जाते ते. आणि ‘माल’ म्हणजे ज्याला भाव आहे ते. एकच बाटली हात बदलता बदलता या तीनही अवस्थांतून जाते. (ओघात सांगायचे तर, कोकणीत आणि जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने. मराठी ‘भंगार’शी त्याचे ध्वनिसाम्य मोहक असले, तरी केवळ त्यावरून दोहोंचे नाते जोडू नये, विद्यार्थी परीक्षेत तसे लिहितात.)

मुंबई-रायगडच्या पट्ट्यात डोल जाळ्यांची मासेमारी चालते. डोल हे पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडी बांधून ठेवतात; भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर बोंबील, जवळा, कोळंबी त्यात शिरते. पण पाणी मासा आणि पिशवी असा भेद करीत नाही. पाण्याबरोबर येणारे सारे डोलीत येते. म्हणजे खाडीचे पाणी गाळण्याचे काम हे जाळे न सांगता, न मागता करीतच आहे. जवळा निवडायला बसलेल्या स्त्रियांकडे पाहिले तर दोन ढीग दिसतात, आणि जरा थांबून पाहिले तर दुसऱ्या ढिगातही दोन ढीग दिसतात : भंगारवाला घेईल ते, आणि कोणीच घेणार नाही ते. चकचकीत वेष्टने, पातळ पिशव्या, चिखलाने माखलेले तुकडे या शेवटच्या ढिगात जातात. अनेक होतकरू उद्योग पहिल्या ढिगावरच उभे राहतात, आणि गाव स्वच्छ केल्याचे श्रेय मात्र तिन्ही ढिगांचे घेतात.

हे निवडण्याचे श्रम कोणाच्या खात्यात मांडायचे? केरळ सरकारने २०१७ साली कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा बंदरात ‘शुचित्व सागरम्’ ही योजना सुरू केली. बोटींना पिशव्या दिल्या गेल्या. जाळ्यात आलेले प्लास्टिक परत समुद्रात न सोडता बंदरावर आणायचे. तेथे ते धुऊन निवडण्यासाठी स्त्रियांना मजुरीवर नेमले गेले आणि त्याचा चुरा रस्त्यांच्या डांबरात वापरला गेला. हा खाजगी उद्योग नव्हे. पण निवडण्याला ‘काम’ म्हटले गेले, ही बाब उद्योजकांनी घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०१८ मध्ये, कासव-डॉल्फिनसारखा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत देण्याची तरतूद केली. तिला ‘बक्षीस’ न म्हणता ‘नुकसानभरपाई’ म्हटले आहे. बक्षीस देणाऱ्याचे औदार्य दाखवते. भरपाईत घेणाऱ्याचा हक्क मान्य केलेला असतो.

याउलट चित्र श्रमदानाच्या भाषेत दिसते. वर्सोवा किनाऱ्यावर अ‍ॅडव्होकेट अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५ पासून चालवलेली स्वच्छता थोरच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ मध्ये तिचा गौरव केला. पण श्रमदान देणाऱ्याला दुसरी उपजीविका असते. जिची उपजीविकाच जवळा निवडण्याची आहे, तिला ‘लोकसहभागाचे’ आवाहन करणे म्हणजे फुकट काम सांगणे होय. तरुण उद्योजकांच्या पत्रकांत ‘लोकसहभाग’, ‘जनजागृती’ हे शब्द फार सैल हाताने पडतात. कोकणात रापणीला परंपरेने चालत आलेला एक नेमका शब्द आहे – ‘वाटा’. जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाला माशात वाटा. प्लास्टिकच्या किमतीत वाटा किती, हे पत्रकात एका ओळीत लिहिता आले, तर जनजागृतीचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
‘मदत’, ‘बक्षीस’, ‘मोबदला’, ‘भरपाई’, ‘वाटा’ या पाच शब्दांत देणारा आणि घेणारा यांचे नाते कसे बदलते?

६.८ पत्रकाचे पुनर्लेखन

त्या बैठकीनंतर आम्ही धक्क्यावरच पत्रक पुन्हा लिहायला बसलो. विद्यार्थिनी, तांडेल, ते दोन तरुण आणि मी. दीड तासात मजकूर असा झाला :

‘झिजून निकामी झालेली नायलॉनची जाळी आम्ही वजनावर विकत घेतो. समुद्रात सुटलेले जाळे कोणास सापडल्यास तेही घेऊ. त्याचा दर वेगळा आहे. शिसे व बोये काढून घेऊन ते मालकाने स्वतःकडे ठेवावेत. जाळी धुण्याचे व निवडण्याचे काम गावातच होईल व त्याची मजुरी रोज दिली जाईल. जाड जाळी व दोर सध्या घेत नाही.’

शेवटचे वाक्य तांडेलांनी घालायला लावले. काय घेणार नाही ते आधी सांगा, म्हणजे फेरा पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. रोजच्या मजुरीचे वाक्य लिहिताना त्या तरुणांची चलबिचल झाली. तेवढे पैसे हाती असतील की नाही, याचा हिशेब त्यांनी तोवर केलाच नव्हता. तो त्यांनी पत्रकाच्या पाठीमागे, तेथेच बसून केला. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘योग्य दराने’ एवढेच होते, आणि त्याने कोणालाही हिशेब करावा लागला नव्हता.

६.९ स्वाध्याय

१. ‘भूतजाळी’ ही संज्ञा स्वीकारावी की नाही? ‘सुटलेली जाळी’, ‘बेवारस जाळी’ या पर्यायांशी तुलना करून सुमारे २०० शब्दांत मत मांडा.

२. समुद्रकिनाऱ्याच्या स्वच्छतेविषयीची कोणतीही एक मराठी बातमी घ्या. तिच्यातील सर्व क्रियापदे अकर्मक व सकर्मक अशी वेगळी करा आणि प्रत्येक सकर्मक क्रियापदाचा कर्ता कोण, ते नोंदवा.

३. क्षेत्रकार्य : आपल्या जवळच्या बंदरात, खाडीकाठी किंवा नदीवर मासेमारी करणाऱ्या किमान तीन व्यक्तींशी बोला. जाळे पाण्यात घालणे, ओढणे, फाटणे, हरवणे, जोडणे या क्रियांसाठी त्या कोणते शब्द वापरतात ते त्यांच्याच उच्चारानुसार लिहून घ्या. किनारा दूर असेल तर गावातील भंगाराच्या दुकानात प्लास्टिकचे किती प्रकार, कोणत्या नावांनी वेगळे केले जातात, त्याची यादी करा. विचारण्यापूर्वी त्यांचे काम संपू द्यावे.